आमचा नंबर परदेशी जातो

"बाबा, तुम्ही फोनच्या भानगडीत पडू नका," असं आमचे जावई व्हिडिओ कॉलवर म्हणाले, आणि त्याच क्षणी मी भानगडीत पडलो.

वाक्य तसं साधं होतं. लेकीच्या घरी, साता समुद्रापलीकडे, आम्ही दोघं पहिल्यांदाच निघालो होतो. तिकिटं आली होती, बॅगांची कुलपं तपासून झाली होती, आणि जावई प्रेमानेच सांगत होते, की विमानात बसताना फोन बंद करा, उतरल्यावर तो तसाच खिशात राहू द्या, दाराबाहेर मी उभा असेन. इथे थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण हुशार माणसाला नेमकं तेच जमत नाही. "तुम्हाला नाही जमायचं ते सगळं," ते म्हणाले. "उगाच डोक्याला ताप." शेजारी आमची मुलगी बसली होती. ती हसली. मोठ्याने नाही, नाकातून. जिला मी सायकल शिकवली आणि शिकवताना स्वतःचा गुडघा फोडून घेतला, ती माझ्यावर नाकातून हसली.

"मला काय जमायचं नाही?" मी विचारलं.

"तसं नाही बाबा…"

"ऐका. तिथे उतरल्यावर पहिला फोन मी करणार. माझ्या फोनवरून, माझ्या नंबरवरून. तुम्ही दाराबाहेर उभे राहा आणि वाजायची वाट बघा."

"अहो, विमान उतरलं की त्यांना तिकडे फळ्यावर दिसतं," मागून आमची ही म्हणाली. ऐन वेळी बायकोने दिलेला पाठिंबा साधारण असाच असतो.

एका फोनसाठी एवढा हट्ट कशाला, असं कुणी म्हणेल. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, मी कवळ्या बनवतो. दंतवैद्य साचे पाठवतात आणि मी घराच्या मागच्या खोलीत बसून प्लास्टर, मेण आणि गुलाबी पावडर यांतून माणसाला त्याचं तोंड परत देतो. प्रत्येक डबीवर माझा नंबर छापलेला असतो. दंतवैद्य बदलतात, दवाखाने बंद पडतात, पण कवळी टोचली की लोक मलाच फोन करतात. काहींचं बोलणं नुसतं भुस्स भुस्स येतं. त्यावरूनच मी ओळखतो, की कवळी काढून हातात धरली आहे. अशा माणसांना 'मी परदेशात आहे, फोन बंद आहे' असं सांगणारा मी कोण? शिवाय जावयांना उत्तर द्यायचं होतंच. पण ते दुय्यम.

मी कामाला लागलो ही बातमी वरच्या मजल्यावर कशी गेली कुणास ठाऊक. वरचे काका खाली आले. यांना आम्ही परदेशकाका म्हणतो, कारण ते एकदा पुतण्याकडे जाऊन आले आहेत आणि तेव्हापासून त्यांची एकही हकीकत इथली नसते. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी माझ्या फोनकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर नातेवाइकांना बाहेर पाठवण्याआधी रोग्याकडे पाहतात.

"रोमिंग घेताय?"

"घेतोय."

"आमच्या पुतण्याचा एक मित्र होता," काका म्हणाले. "बॅगेत फोन, फोनात रोमिंग चालू. हा निवांत फिरतोय आणि तिकडे फोन आपला घरच्या ग्रुपवरचे विनोद उतरवून घेतोय. महिनाभर. घरी आला तर बिल दारात उभं. माणूस उघड्यावर आला हो. आणि विनोदही जुनेच होते."

समोरच्या वहिनींचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते विमानतळावरच्या यंत्रातून फोन गेला की त्यातले नातेवाइकांचे नंबर पुसट होतात, म्हणून तो चांदीच्या कागदात गुंडाळावा. त्या स्वतः कुठे गेलेल्या नाहीत, पण सल्ला द्यायला पासपोर्ट लागत नाही.

मी कुणाचं न ऐकता सरळ कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड यंत्र बोलायला लागलं. "आपल्याला काय हवं आहे, ते थोडक्यात सांगा."

"परदेश," मी थोडक्यात सांगितलं.

"आपण म्हणालात, परत संदेश. बरोबर असल्यास…"

"परदेश! परदेशात जायचंय!"

"माफ करा, समजलं नाही. पुन्हा सांगा."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही ओरडली, "अहो, कसली ओरडाओरड? कुणाचं बाळ उठेल शेजारी!" यंत्राला एवढं मात्र स्वच्छ ऐकू गेलं. "धन्यवाद," ते म्हणालं, "बाळाचं हास्य ही धून आपल्या नंबरवर सुरू करण्यात आली आहे."

त्या दिवसापासून मला फोन करणाऱ्या प्रत्येकाला आधी एक तान्हं मूल खिदळताना ऐकू येऊ लागलं. माझ्या धंद्यात, ज्याच्या तोंडात एकही दात नाही अशा बाळाचं हसू! एका दंतवैद्याने तर माझं अभिनंदन केलं. म्हणाला, जाहिरात फार सूचक आहे.

मग मी कंपनीच्या दुकानात गेलो. काचेचं दार, थंड हवा, टोकन देणारं यंत्र, आणि ज्यांच्या टोकनचा नंबर कधीच येत नाही अशा माणसांची एक रांग. माझा आला तेव्हा निळ्या कोटातल्या मुलीने माझा नंबर संगणकात घातला आणि हसून सांगितलं, "सर, हा नंबर तुमचा नाही."

"म्हणजे?"

"तुमच्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच रोमिंग मिळेल."

"अहो, माझे केस काळे होते तेव्हापासून हा नंबर माझ्या खिशात आहे. कुणाच्या नावावर आहे मग?"

"ते मी सांगू शकत नाही, सर. गोपनीय असतं."

ती गोपनीयता पाळण्यासाठी तिने पडदा वळवला आणि त्या गडबडीत तो नेमका माझ्याकडे वळला. पडद्यावर एक फोटो होता. फोटोतला माणूस हसत होता. मी आधी दात ओळखले. वरचे माझे, खालचेही माझे. नंतर माणूस ओळखला. तो माझा मेव्हणा होता.

मग आठवलं. मोबाईल नवे होते तेव्हा मेव्हण्याच्या कचेरीत सवलतीत नंबर मिळत होते, आणि त्याने त्यातला एक कौतुकाने मला आणून दिला होता. मध्यंतरी कंपनीने सगळ्या नंबरांची फेरतपासणी केली, तेव्हा हाच जाऊन फोटो देऊन आला असणार. तेव्हा आमचं बोलणं होतं.

आता नव्हतं. कारण सांगतो. मेव्हण्याच्या निरोप समारंभात तो भाषणाला उभा राहिला. सभागृह भरलेलं, समोर साहेब. भाषण रंगात आलं आणि 'माझ्या सेवेचं फलित' या शब्दांतल्या 'फ'वर त्याची वरची कवळी सुटली आणि साहेबांच्या पुढ्यातल्या फुलदाणीत जाऊन पडली. कवळी मी केली होती, हे खरं. पण शेवटच्या फिटिंगला ये, असं मी त्याला तीनदा सांगितलं होतं आणि तो आला नव्हता, हेही खरं. त्याचं म्हणणं पडलं, की कवळी पडली त्याचं काही नाही, पण सभागृहात पहिलं कोण हसलं? मी म्हणतो, कुणीतरी पहिलं हसणारच. एवढ्यावरून त्याने बोलणं तोडलं आणि दुसऱ्या कारागिराकडून दुसरी कवळी करून घेतली. ती बातमी मला तीन वेगवेगळ्या माणसांनी आणून दिली.

तर या माणसाकडे जाऊन मी म्हणू, की बाबा रे, माझा नंबर मला दे? "प्राण गेला तरी जाणार नाही," मी घरी येऊन जाहीर केलं.

"मग फोन बंद ठेवून चला," ही म्हणाली. "जावई येतायतच दाराशी."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. आईकडून तिला सगळं कळलं होतं. "बाबा, इकडच्या कंपनीचं एक सिम मिळतं. कार्ड वगैरे काही नाही. एक ठिपक्यांचा चौकोन पाठवते, तो फोनच्या कॅमेऱ्याने वाचायचा, झालं."

माझ्या नंबरवरून फोन करीन, असं मी म्हणालो होतो. पण मी विचार केला, जो नंबर माझ्या फोनमध्ये राहतो तो माझाच. भाडेकरूसुद्धा 'आमचं घर' म्हणतोच की. मी हो म्हटलं. चौकोन आला. आता गंमत अशी, की चौकोन माझ्या फोनवर आणि तो वाचायचा माझ्याच फोनने. स्वतःच्या दातांनी स्वतःचे दात चावून दाखवा, असं म्हणण्यासारखं झालं. मी न्हाणीघरातल्या आरशासमोर फोन धरून पाहिला. पडद्यावर चौकोन होता तोपर्यंत कॅमेरा नव्हता, आणि कॅमेरा आला की चौकोन नाही. ही दाराशी टॉवेल घेऊन उभी होती. 

"तो चौकोन दुसऱ्या फोनवर पाठवा आणि तिकडून वाचा," जिन्यातून परदेशकाकांचा आवाज आला. "माझ्याकडे पाठवा."

मी पाठवला. काका फोन घेऊन खाली आले. "आलाय का बघू," असं म्हणत त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं आणि जरा वेळ ठेवलंच. त्यांच्या फोनने काहीतरी विचारलं.

"काय विचारतोय?" मी घाबरून विचारलं.

"जोडायचं का म्हणतोय. मी हो म्हटलं. आपण कशाला नाही म्हणायचं?"

अशा रीतीने परदेशी कंपनीचं सिम, कुठेही न जाणाऱ्या काकांच्या फोनमध्ये जाऊन बसलं. मी जावयांना कळवलं. ते म्हणाले, "बाबा, तो चौकोन एकदाच चालतो."

"मग काकांच्या फोनमधून काढा म्हणावं."

पण काका काढायला तयार होईनात. काढताना आपले फोटो जातील अशी त्यांना भीती होती आणि खरं सांगायचं तर पडद्यावर दिसणारं ते परदेशी नाव त्यांना आवडलंही होतं. संध्याकाळी गच्चीत ते दोघातिघांना दाखवताना मी स्वतः पाहिलं.

"दुसरा पाठवतो," जावई म्हणाले. "आणि बाबा, मी म्हणालो होतो ना…"

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. संस्कारी आहेत. पण त्या अर्ध्या वाक्याने माझं पित्त खवळलं. "काही पाठवू नका," मी म्हणालो. "मी माझाच नंबर घेऊन येतो." आणि फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं, की याचा अर्थ आता मेव्हण्याकडे जाणं आलं. संतापात घेतलेल्या प्रतिज्ञांचा हाच दोष असतो, त्यांचा पत्ता नंतर कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकावर एक कवळी घासत बसलो होतो. ही दाराशी येऊन उभी राहिली. "मी त्याला बोलावलंय. कंपनीच्या दुकानातच येतोय. तुम्ही माफी मागू नका, तोही मागणार नाही. दोघांनी तोंडं मिटून खुर्चीत बसायचं. बोलायचं काम मी करते."

दुकानात मेव्हणा आधीच येऊन बसला होता, कडक इस्त्रीत. आमच्या दोघांत त्याने एक खुर्ची मोकळी सोडली. तिथे ही बसली.

"ताई, त्यांना सांग, टोकन माझ्याकडे आहे," मेव्हणा म्हणाला.

"त्याला सांग, मला दिसतंय," मी म्हणालो.

"त्यांना सांग, दिसत असेल तर नंबर आल्यावर उठावं."

"मी काही सांगणार नाही," ही म्हणाली. "मी तुमच्या दोघांतली तार नाही."

नंबर आला. निळ्या कोटातली मुलगी तीच होती. मेव्हण्याने कॅमेऱ्यासमोर बसायचं, यंत्र त्याचा चेहरा जुन्या फोटोशी ताडून बघणार, मग तो नंबर सोडणार, मग मी घेणार. मेव्हणा ताठ बसला. यंत्राने लाल फुली दाखवली.

"चेहरा जुळत नाही सर. चष्मा काढा."

काढला. फुली.

"जरा मागे सरा. आता पुढे. तेव्हा मिशी होती का?"

"माझ्या चेहऱ्यात काहीही बदल झालेला नाही," मेव्हणा म्हणाला.

आता इथे गप्प बसणं मला शक्य नव्हतं. गवंड्यासमोर भिंत ओळंब्याबाहेर असली की तो काय गप्प बसेल? मी त्याच्याकडे वळून नीट पाहिलं. इतक्या दिवसांत मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

"बदल झालाय," मी म्हणालो. "जबड्याची उंची कमी ठेवलीय. नाक हनुवटीला भेटायला निघालंय. वरचा ओठ आत गेलाय, त्याला मागून आधारच नाही. कुणी केली ही कवळी?"

"तुम्हाला काय करायचंय?" मेव्हणा थेट माझ्याशी बोलला. मधल्या काळातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"मला काही नाही करायचं. यंत्र काय म्हणतंय बघ."

"यंत्राला काय कळतंय?"

"तसं नाही सर," मुलगी चाचरत म्हणाली, "ते नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजतं."

मेव्हणा लाल झाला. रांगेतली माणसं आता आपली टोकनं विसरून आमच्याकडे बघत होती. ही भावाकडे वाकली. "जुनी कुठे आहे?"

"टाकून दिली."

"माझ्याकडे बघून सांग."

तो जमिनीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "कपाटात आहे. पाण्यात."

बाकीच्यांना हा शब्द साधा वाटला असेल. मला नाही वाटला. वापरात नसलेली कवळी पाण्यात ठेवायची, तर पाणी बदलत राहावं लागतं. जी वस्तू टाकून द्यायची असते, तिचं पाणी कुणी बदलत नाही. मी भिंतीवरची जाहिरात वाचत बसलो.

मेव्हणा घरी जाऊन डबी घेऊन आला. कोपऱ्यात तोंड करून त्याने अदलाबदल केली आणि वळला. गाल भरले, ओठ पुढे आला. माझा जुना मेव्हणा समोर उभा होता. तो कॅमेऱ्यासमोर बसतो न बसतो तोच पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"जुळला!" मुलगी आनंदाने म्हणाली.

मी खुर्चीत मागे टेकून बसलो. धंद्यात मला आजवर कुणी प्रशस्तिपत्र दिलेलं नाही. दंतवैद्य पैसे देतात, गिऱ्हाइकं तक्रारी देतात. पण कसलीही ओळखदेख नसलेल्या, लाचलुचपतीपलीकडच्या एका यंत्राने भर दुकानात सांगितलं, की हा माणूस माझ्या कवळीतच खरा आहे. मी रांगेकडे पाहिलं. एक आजोबा माझ्याकडे बघत खिशातून कागद काढत होते. त्यांना माझा नंबर हवा होता.

"भाऊजी," मेव्हणा माझ्याकडे न बघता म्हणाला, "'फ' अजून जपूनच म्हणावा लागतो."

"उद्या सकाळी ये. मागची कड घासून देतो."

"येतो."

माफी कुणीही मागितली नाही. मी तर आजही म्हणतो, मागण्यासारखं काही नव्हतंच.

त्यानंतर माझी पाळी आली. नंबर माझ्या नावावर चढायला माझ्या बोटाचा ठसा हवा होता. मी अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, ठसा नाही. तर्जनी, मधलं बोट, तेच. आयुष्यभर दगडी भुकटीने लोकांच्या कवळ्या गुळगुळीत करताना माझी बोटंही गुळगुळीत झाली होती. मुलीने कागदी रुमालाने पुसून पाहिली, हिने पदराने पुसली, मेव्हण्याने फुंकर घातली, आणि फुंकर घालताना कवळी जाग्यावर राहिली हे त्याने मला खुणेने दाखवलं.

"सर, ठसाच नाही तुम्हाला," मुलगी म्हणाली.

"म्हणजे मी नाहीच?"

"तुम्ही आहात हो, पण सिस्टिममध्ये…"

"मुली," मी म्हणालो, "या शहरात निम्मी म्हातारी माणसं माझ्यामुळे चावून खातायत. मी आहे. तुझ्या त्या यंत्राला म्हणावं, नीट बघ. सगळी बोटं ठेवून झाल्याशिवाय मी इथून उठत नाही."

एकेक बोट नापास होत गेलं. अखेर डाव्या हाताची करंगळी, जिने आयुष्यात काडीचं काम केलेलं नाही, ती माझ्या बाजूने साक्षीला उभी राहिली. हिरवी खूण आली. "आता नंबर थोडा वेळ बंद राहील," मुलगी म्हणाली, "मग तुमच्या नावाने चालू होईल. रोमिंगही जोडलंय."

कंपनीचा थोडा वेळ आणि आपला थोडा वेळ यांत फरक असतो. नंबर बंद पडला तो पडलाच. दुसऱ्या दिवशी मेव्हणा फिटिंगला आला. मी कड घासत होतो आणि तो फणस, फाटक, फुरसत, फलित असे शब्द म्हणून बघत होता. तोवर दारात गिऱ्हाइकं येऊन उभी राहायला लागली. फोन लागत नाही म्हणून एक बाई काळजीने आल्या होत्या. म्हणाल्या, मला वाटलं तुमचं काही बरंवाईट झालं. मी म्हटलं, माझं नाही, नंबराचं. परदेशकाका दर तासाला खाली येऊन सांत्वन करत होते आणि जाताना म्हणत होते, "हवं तर माझा फोन घेऊन जा, त्यात आहे परदेशी सिम." लेकीचा निरोप हिच्या फोनवर आला, की बाबा, राहू दे आता, खरंच राहू दे. मी उत्तर पाठवलं नाही. हिच्या नंबरवरून कसं पाठवणार?

निघायचा दिवस उजाडला तरी फोन मुका. मेव्हणा आम्हाला सोडायला गाडी घेऊन आला, पण विमानतळाच्या रस्त्याला न वळता त्याने गाडी आधी दुकानासमोर उभी केली. मी बॅगांजवळ बसून राहिलो. काचेपलीकडे तो हात उडवून बोलताना दिसत होता. ऐकू काही येत नव्हतं, पण 'फ' भरपूर होते आणि जबडा जराही हलला नव्हता. तो परत येऊन गाडीत बसला आणि माझ्या खिशात फोन थरथरला. पहिला फोन मेव्हण्याचाच होता, शेजारच्या सीटवरून.

"लागला का बघतोय," तो म्हणाला. मग कान देऊन ऐकत राहिला. "भाऊजी, बाळ हसतंय."

"हसू दे."

प्रवासाचं सांगत नाही. बसलो, उतरलो. बॅगा ट्रॉलीवर चढवल्या आणि बाहेर जायच्या काचेच्या दारापाशी आलो. ते दार आपोआप उघडत-मिटत होतं. उघडलं की पलीकडची गर्दी दिसायची आणि गर्दीत पुढेच लाल स्वेटर घातलेली आमची मुलगी. शेजारी जावई. हिने हात हलवायला सुरुवात केली. मी ट्रॉली थांबवली आणि फोन चालू केला. वरच्या कोपऱ्यात काही नव्हतं.

"अहो, ती बघा ती!"

"दिसली. थांब जरा."

"थांब काय? आख्खा समुद्र ओलांडून आलो आणि आता चार पावलांसाठी अडून बसणार?"

"चार पावलं टाकली की फोन करण्यात अर्थ राहत नाही."

"मग मी एकटी जाते."

"जा. तुझ्या औषधांची पिशवी ट्रॉलीवर आहे."

ती गेली नाही. ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि मला वाटतं, तेवढ्यात तीही माझ्या बाजूची झाली. कारण पुढचं वाक्य ती जरा वेगळ्या आवाजात बोलली. "बंद करून परत लावून बघा ना."

मी फोन बंद केला, चालू केला. कोपऱ्यात अनोळखी नावांच्या दोन-तीन कंपन्या आल्या. वरच्या नावावर बोट ठेवलं. एक काठी उगवली, मग दुसरी. मी नंबर लावला. दार उघडलं तेव्हा जावई खिशातून फोन काढताना दिसले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हाताने 'या, या' केलं. मी मान हलवली आणि बोट फोनकडे दाखवलं. त्यांनी फोन कानाला लावला.

"बाबा, दिसताय तुम्ही! या ना बाहेर!"

"हॅलो. आम्ही सुखरूप पोचलो, हे कळवायला फोन केला."

"हो बाबा. कळलं." दार मिटलं, तरी त्यांचा आवाज माझ्या कानात होता. हा फार मोठा आनंद असतो. "बाबा, मी चुकलो. जमलं तुम्हाला."

यावर मी काहीतरी टोला ठेवून दिला असता, पण पलीकडे फोन हिसकावल्याचा आवाज झाला. दार उघडलं. मुलीने फोन घेतला होता आणि ती आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "मला रोज वाटायचं, तुम्ही ऐन वेळी नाही म्हणाल. काम आहे म्हणाल, पेशंट अडलेत म्हणाल. मी खोली लावून ठेवली, पण पलंगावर चादर घातली नव्हती. आज सकाळी घातली."

समोरासमोर तिने हे कधी सांगितलं नसतं आणि मी ऐकून घेतलं नसतं. मी लगेच म्हणालो असतो, तू वाळलीस किती, जेवतेस की नाही. ही माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी फोन तिच्या आणि माझ्या कानांच्या मधे धरला.

"बोल," मी म्हणालो. "ऐकतोय आम्ही."

दाराशी उभा असलेला एक गणवेशवाला आमच्याकडे आला आणि ट्रॉली हलवा, वाट मोकळी करा, अशा खुणा करायला लागला. मी तळहात दाखवून त्याला जागच्या जागी थांबवलं.

"जरा दम धर," मी त्याला आपल्या भाषेत ठणकावलं. "परदेशातला फोन आहे."